शकुबाईंनी पाणी बंद केलं तो दिवस

आळेफाट्याहून पिंपळवंडीकडे निघालं की डाव्या हाताला पत्र्याची एक शेड लागते. ती माझी. डेंटिंग-पेंटिंग. तिला लागून काँक्रीटचा रॅम्प, पाण्याची उंच टाकी आणि दिवसभर कानाशी भुणभुणणारा प्रेशरचा पंप दिसतो, ते शकुबाईंचं वॉशिंग सेंटर. इथे आधी मी आलो की त्या, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. मी गाडीला रंग मारायला घेतला की वारा नेमका त्यांच्या बाजूने सुटतो आणि पाण्याचे तुषार माझ्या ओल्या रंगावर येऊन बसतात. मी ओरडतो. त्या पंप काही बंद करत नाहीत, पाइप जरा दुसरीकडे वळवतात आणि वर मलाच ऐकवतात, "पेंटर, दोन थेंबांना भ्यायचा रंग पावसाळ्यात काय टिकायचा?"

अशा बाईबद्दल चार चांगले शब्द लिहायची वेळ माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं. पण ती आली, आणि आता लिहायचंच तर हात आखडता कशाला घ्या.

शकुबाई पिंपळवंडीच्या बौद्धवाड्यातल्या. नवरा भागुजी कॅनॉलच्या कडेची जमीन बघतो, कांदा करतो, फारसा बोलत नाही. घरातलं सगळं बोलणं शकुबाईंच्या वाट्याला आलंय आणि त्यांनी ते नीट सांभाळलंय. सुरुवातीला त्या फाट्यावरच्या एका हॉटेलामागे बादली आणि फडकं घेऊन ट्रक धुवायच्या. मग पाइप आला, पंप आला, रॅम्प झाला. ड्रायव्हर लोक गाडी लावून चहाला गेले की तासभर फिरकत नसत आणि रॅम्पवर गाडी अडून राहायची. त्याला वैतागून त्या स्वतःच गाडी हलवायला लागल्या. रॅम्पवरून गाडी उलटी उतरवावी लागते, त्यामुळे त्यांना रिव्हर्स आधी आला आणि सरळ चालवणं नंतर. लायसन्सच्या परीक्षेत त्यांनी गाडी मागे अशी घेतली की साहेब बघत राहिले. तिसरा गिअर मात्र त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा त्याच दिवशी टाकला. हे त्या स्वतःच सांगतात आणि सांगताना सगळ्यात आधी स्वतःच हसतात.

त्यांची गाडी म्हणजे पद्मिनी. जुनी, गोल दिव्यांची. गावातल्या एका रिटायर गुरुजींची होती. गुरुजी दर रविवारी ती धुवायला आणायचे आणि धुऊन होईपर्यंत खुर्ची टाकून समोर बसायचे. गुरुजी गेले. मुलं पुण्याला, त्यांना ही अडगळ नको होती. एक दिवस भंगारवाल्याच्या क्रेनला लटकलेली पद्मिनी रस्त्यावरून जाताना शकुबाईंना दिसली आणि त्या हातातला चालू पाइप घेऊन तशाच क्रेनला आडव्या गेल्या. ड्रायव्हर भिजला, चिडला आणि शेवटी गाडी उतरवून गेला. वजनाच्या भावाने गाडी घेणारी आमच्या तालुक्यातली ही एकच बाई असावी.

रंगाचं काम माझ्याकडे आलं. मी म्हटलं, मूळचा मलईचा रंग ठेवू, शोभतो. त्या म्हणाल्या, निळा. कसला निळा? मला हाताला धरून विहारासमोर नेलं आणि झेंड्याकडे बोट दाखवलं, "ह्यो." मी रंग कालवला, त्यांनी नाक मुरडलं. पुन्हा कालवला, पुन्हा तेच. अखेर जमला तेव्हा नुसत्या गाडीभोवती फिरल्या. खोटं कशाला बोलू, माझ्या हातून इतकं चांगलं काम आधी कधी झालं नव्हतं. मडगार्डवर वाकलं तर तोंड दिसायचं. तेव्हापासून रोज सकाळी पंप सुरू झाला की पहिलं पाणी पद्मिनीला, मग गिऱ्हाइकाला.

तर गोष्ट भीमजयंतीची.

पिंपळवंडीत मिरवणूक विहारापासून स्टँडपर्यंत जाते. बाबासाहेबांचा फोटो आजवर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर असायचा. मध्ये ओढ्याकडे उतरणारा रस्ता आहे, अरुंद, दोन्ही बाजूंना घरांच्या पायऱ्या. लेझीम सगळ्यात जास्त रंगतं ते या उतारावरच, कारण बघणाऱ्यांना पायऱ्यांवर बसायला मिळतं. पुढे पोरी खेळतात आणि त्यांच्या पाठीला लागून फोटोची गाडी. यंदा शकुबाईंनी कमिटीला सांगितलं, फोटो माझ्या पद्मिनीवर ठेवा. कमिटीचे प्रमुख गेणभाऊ, पांढरं धोतर, खांद्यावर पांढरं उपरणं, गावात शब्दाला वजन असलेला माणूस. ते खूश झाले.

"लई झ्याक व्हईल. ट्रॅक्टरवाल्या आदेशला बसवू चालवायला, तुमी शेजारी बसा हार घेऊन."

"का? आदेशची गाडी हाय का?"

"तसं न्हाई, पण गर्दी असती, उतार हाय, पुढं पोरी…"

"गेणभाऊ, गाडी माझी. चालवणार मी. नायतर ट्रॅक्टर हायेच तुमचा."

गेणभाऊंनी मान डोलावली, पण ती कशी डोलावली ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं. शकुबाईंनी तर पाहिलंच. पुढचा महिनाभर त्या दुपारच्या सामसुमीत गाडी घेऊन त्या उतारावर जात आणि पहिल्या गिअरात, मुंगीच्या पायाने, खाली उतरत. गाव बघत असे. बायका पायऱ्यांवरून हाका मारत. त्यांनी एवढी मेहनत माझ्या देखत दुसऱ्या कशासाठी घेतली नाही.

आदल्या दिवशी संध्याकाळी गाडी सजवायला कमिटीचे लोक सेंटरवर आले. शकुबाईंनी गाडी टाकीखालून बाहेर घेतली, ब्रेक दाबला आणि गाडी जिथे थांबायला हवी होती तिथून हातभर पुढे गेली. पुन्हा दाबला. पेडल पार खाली गेलं. सपाट जागा होती म्हणून गाडी आपोआप थांबली. आम्ही बॉनेट उघडून पाहिलं तर ब्रेक ऑइलची डबी जवळजवळ रिकामी.

"तेल कमी झालंय, दुसरं काय," असं म्हणत गेणभाऊंनी भरतच्या गॅरेजमधून ऑइलचा डबा मागवला आणि माणूस हौशी, स्वतःच ओतायला घेतलं. डबीचं तोंड लहान, गेणभाऊंचा हात मोठा. अर्धं आत गेलं, बाकीचं मडगार्डवर. माझ्या मडगार्डवर. मी "अहो, अहो" करेपर्यंत त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून ते पुसायला सुरुवातही केली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, ब्रेक ऑइल रंगावर पडलं की रंग फुगतो आणि सोलून येतो, आणि पुसलं की ते आणखी पसरतं. मी जे काही बोललो ते इथे लिहीत नाही. गेणभाऊ वयाने मोठे आहेत.

शकुबाईंनी मला बाजूला केलं, गेणभाऊंना बाजूला केलं, पंपाचं प्रेशर कमी केलं आणि मडगार्डवर पाण्याची हलकी धार धरली. चोळणं नाही, पुसणं नाही, नुसती धार. मग साबणाचं पाणी, मग पुन्हा धार. हे ऑइल पाण्यात मिसळतं, पाण्यानेच जातं. बराच वेळ त्या तशाच उभ्या होत्या. रंग वाचला. तळहाताएवढ्या जागेची तेवढी चमक गेली. मी म्हटलं, सकाळी पॉलिश मारून देतो. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या पेंटर. आधी हे सांगा, डबीतलं तेल गेलं कुठं?"

भरतला बोलावलं. भरत मेकॅनिक, फाट्यावर गॅरेज, हाताने चांगला, तोंडाने फटकळ. त्याने गाडीखाली बॅटरी मारली आणि बाहेर येऊन म्हणाला, "मावशी, गळतंय नक्की. पण कुठं ते देवालाबी दिसायचं न्हाई. तुमच्या हितं चारी चाकं वली, जमीन वली, खालचं सगळंच वलं. ह्यात तेल कुठलं आन पाणी कुठलं?"

मला वाटलं, शकुबाई भरतवर भडकणार. पण त्या खालच्या ओल्या काँक्रीटकडे बघत होत्या. मग हळू म्हणाल्या, "रोज गळत असंल. आन रोज सकाळी मीच धुऊन टाकीत व्हते."

हीच ती गोष्ट. दुसऱ्या कुणाची गाडी असती तर अंगणात डाग पडला असता, चाकाच्या आतून ओघळ आला असता, चार दिवसांत कुणाच्या तरी लक्षात आलं असतं. पद्मिनीचं दुखणं तिच्या मालकिणीच्या मायेखाली झाकलं गेलं होतं. रोजचं पहिलं पाणी, मनापासून मारलेलं, रोजची खूण पुसत होतं.

त्यांनी पंपाचं बटण बंद केलं. जयंतीच्या आदल्या दिवशी आणि जयंतीच्या सकाळी त्यांच्याकडे धुवायला गाड्यांची रांग असते, वाड्यातल्या झाडून सगळ्या मोटरसायकली, रिक्षा, पिकअप. सगळ्यांना परत पाठवलं. कुणी विचारलं तर एकच उत्तर, "आज पाणी नाय." टाकी तुडुंब दिसत होती, लोक टाकीकडे बघत आणि निघून जात. मग पद्मिनी माझ्या शेडमध्ये, कोरड्या जागेत आणली, फडक्याने खालून-वरून पुसून घेतली. मिरवणुकीत उधळायला निळीची पोती आलेलीच होती. त्यातली ओंजळभर नीळ घेऊन शकुबाई गाडीखाली सरकल्या आणि चारी चाकांच्या आतल्या अंगाला, पाइपांवर, सांध्यांवर हलक्या हाताने ती भुरभुरवली. भरत ब्रेकचं पेडल दाबत राहिला. मग आम्ही गाडी तशीच सोडून घरी गेलो.

सकाळी मी शेड उघडायला आलो तर त्या माझ्या आधी तिथे बसलेल्या. मला बघताच मागच्या डाव्या चाकाकडे बोट केलं. तीन चाकांच्या आत नीळ कोरडी, फिकट, पावडरीसारखी होती. या चाकाच्या आत मात्र वरून खाली एक काळपट निळा ओघळ उतरला होता. दुखणं सापडलं.

चाक काढलं, ड्रम काढला. आतलं रबर फाटलेलं, लायनर तेलाने चिंब. भरत म्हणाला, "रबराचं किट आज फाट्यावर भेटायचं न्हाई, ही गाडी आता कोण वापरतं? एक काम करतो. ह्या चाकाचा पाइप डमी मारून बंद करतो. तीन चाकांवर ब्रेक लागंल. पायी चालायच्या स्पीडनं तर जायचंय."

एव्हाना गेणभाऊही आले होते. त्यांना ते पटलं. मलाही पटलं, कबूल करतो. रस्त्यावर निम्म्या गाड्या अशाच तर चालतात.

"भरत," शकुबाई म्हणाल्या, "त्या पोरींत तुझी पोरगी हाय का?"

"हाय की. प्राची. पहिल्या रांगंत."

"मंग मार डमी."

भरतने हातातला पाना खाली ठेवला. मोटरसायकलला किक मारली आणि नारायणगावला गेला.

गेणभाऊ घुटमळत होते. शकुबाई त्यांना म्हणाल्या, "ट्रॅक्टर धुऊन, सजवून तयार ठेवा. मिरवणूक माझ्या गाडीसाठी एक मिनिटबी थांबायची न्हाई. गाडी झाली तर झाली." आवाज नेहमीचाच होता. पण ट्रॅक्टर सजवा असं सांगताना त्यांनी गेणभाऊंकडे पाहिलं नाही, हातातल्या ड्रमकडे पाहिलं. महिनाभर त्या उतारावर चढलेली-उतरलेली बाई ती. मी उगाच शेडमध्ये जाऊन डबे हलवत बसलो.

भरत येईपर्यंत त्यांनी ड्रम, आतली पाटी, चाक, सगळं साबणाच्या पाण्याने धुतलं. पंप नाही, बादली आणि ब्रश. प्रत्येक भाग उन्हात वाळवला, बोटाने तपासला, पुन्हा पुसला. ओघळाची नीळ त्यांच्या नखांत बसली होती. दुपार कलायच्या बेताला भरत आला. दुकान बंद होतं, दुकानदाराला घरून उठवून किट आणि लायनर दोन्ही आणलं होतं. मग काम सुरू झालं. रबर बसलं, लायनर बसला, ड्रम चढला. पाइपातली हवा काढायला शकुबाई पेडलवर आणि भरत खाली. मडगार्डवर मी ओलं पोतं अंथरून डबीत तेल ओतायला उभा. यावेळी गेणभाऊंना कुणी डब्याला हात लावू दिला नाही.

"दाबा. सोडा. दाबा. सोडा. दाबून धरा मावशी, सोडू नका."

चाकापाशी नळी लावून धरलेल्या बाटलीत आधी बुडबुडे आले, मग ते विरळ झाले, मग नुसतं तेल. पेडल दगडासारखं कडक झालं. मी म्हटलं, झालं, चला. शकुबाई म्हणाल्या, झालं का न्हाई ते उतारावर बघू.

उतारावर माणसं होतीच. पायऱ्यांवर बायका आतापासून जागा धरून बसल्या होत्या. वर विहारासमोर ट्रॅक्टर सजून उभा. शकुबाईंनी भरतला गाडीत बसवलं आणि स्वतः उताराच्या मध्यावर जाऊन रस्त्यात उभ्या राहिल्या.

"ये."

"मावशी, बाजूला व्हा, असं कुणी करतं का?"

"पोरी हितंच नाचणार हायेत ना? मंग ये."

भरत आला. घामाघूम झालेला मला काचेतून दिसत होता. ब्रेक लागला, गाडी दोन हातांवर थांबली. शकुबाई जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "परत. आता जरा जोरात." तो पुन्हा वर गेला, पुन्हा आला, पुन्हा थांबला. पायऱ्यांवरून टाळ्या पडल्या.

मग त्या वर गेल्या, भरतला उतरवलं आणि स्वतः स्टिअरिंगवर बसल्या. काच खाली केली.

"गाडी पास झाली. आता माझा पाय ऱ्हायला. पुढं कोण उभं ऱ्हातंय?"

आम्ही सगळे एकमेकांकडे बघू लागलो. ब्रेकवर विश्वास ठेवणं वेगळं आणि ब्रेक दाबणाऱ्या पायावर ठेवणं वेगळं, हे तेव्हा कळलं. भरत बुटाची नाडी बांधायला वाकला, त्याच्या पायात चप्पल होती. माझा पाय निघत नव्हता, आणि तो का निघत नाही हे माझं मलाच कळत नव्हतं. तेवढ्यात गेणभाऊ चालायला लागले. धोतराचा सोगा हातात धरून, सावकाश, उतार उतरून गेले आणि बरोबर त्या जागी जाऊन उभे राहिले. गाडीकडे तोंड करून नाही. पाठ करून.

पद्मिनी निघाली. नेहमीपेक्षा जरा जोरात निघाली असं मला वाटलं, पण शकुबाई म्हणतात नाही. गेणभाऊंनी मान वळवली नाही. गाडी त्यांच्या धोतरापासून हातभर अंतरावर थांबली, न गचकता, दारात पाहुणा थांबावा तशी. गेणभाऊ वळले, बॉनेटवर हात ठेवला आणि एवढंच म्हणाले, "शकुबाई, फोटो आणायला सांगू का?"

"सांगा की."

फोटो आला, हार चढले. मडगार्डवरची ती चमक गेलेली जागा झेंडूने झाकायला मी पुढे झालो तर शकुबाईंनी मला हटकलं. म्हणाल्या, असू द्या, गाडी राबलेली हाय. ट्रॅक्टर मागे लागला आणि त्यावर म्हातारी माणसं बसली, तेवढीच त्यांची सोय झाली.

ऊन उतरलं तशी मिरवणूक निघाली. निळीचा धुरळा उडत होता, हलगी कडाडत होती. उतारावर आलो तेव्हा मी मुद्दाम गाडीच्या बाजूने चालत होतो. शकुबाई पांढऱ्या साडीत, दोन्ही हात स्टिअरिंगवर, ओठ घट्ट मिटलेले. मनगटाची शीर तटतटलेली मला उघड्या काचेतून दिसत होती. मला त्या बाईचा इतका अभिमान वाटला की शेजारी असल्याचा माज करावासा वाटला. पुढे प्राचीची रांग लेझीम खेळत होती. बॉनेट त्या पोरींच्या पाठीपासून चार हातांवर. पोरी वाकत होत्या, उसळत होत्या, मागे सरकत होत्या, आणि उतार संपेपर्यंत एकीनेही मागे वळून पाहिलं नाही.